कळवतो म्हणाले, कळवलंच नाही

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, अशा कंपाउंडला टेकून उभ्या राहा. तिथून बोललं ना, की तीन नंबरच्यांच्या ओट्यावर शब्दन् शब्द ऐकू जातो, आणि आज वहिनी ओट्यावरच मेथी निवडत बसल्यात. हां, तर त्यांच्या धाकट्याचं ते बाणेरच्या कंपनीतलं काम, ज्याच्या भरवशावर वहिनी पेढे कुठून आणायचे ते सुद्धा ठरवून बसल्या होत्या… ते गेलं. म्हणजे गेलं असंही म्हणवत नाही हो. तीच तर मजा आहे! गेलं असं कोणी सांगितलेलंच नाही. दिवाळीच्या आधी शेवटचा राउंड झाला, ‘कळवतो’ म्हणाले, आणि बघता बघता रथसप्तमी आली. हो पण नाही आणि नाही पण नाही. अनोळखी नंबर वाजला की वहिनी अजून पदराला हात पुसत धावतात, आणि पलीकडून काय निघतं? क्रेडिट कार्ड.

राउंड किती झाले माहितीये? सहा! आमच्या ह्यांना बँकेत लागताना एक लेखी झाली आणि एक तोंडी. तोंडीत साहेबांनी वडिलांचं मूळ गाव विचारलं, ह्यांनी सांगितलं, संपलं. आता आधी ती ऑनलाइन परीक्षा. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं माणूस नको, नजर इकडेतिकडे गेली की कॉम्प्युटर टोकणार. त्या दिवशी वहिनींनी कुकरसुद्धा लावला नाही, शिट्टी व्हायची म्हणून. मग टेक्निकल. मग परत टेक्निकल, आणि त्या दुसऱ्या माणसाने पहिल्याचेच प्रश्न विचारले, कारण पहिल्याने काय विचारलं याची त्याला गंधवार्ता नाही. चौथा राउंड म्हणजे घरचा अभ्यास. ‘दोनतीन तासांचं काम आहे,’ म्हणाली ती एचआरची मुलगी. शनिवार गेला, रविवार गेला, चुलतबहिणीच्या साखरपुड्याला पोरगं आलं नाही, काकू अजून धुसफुसतायत. आणि ते केलेलं काम कोणी उघडून पाहिलं का? देवाला ठाऊक. पाचव्या राउंडमध्ये त्याच्यावर एक अक्षर निघालं नाही.

पाचव्यात काय विचारलं ते ऐका. ‘पुण्यात रोज किती वडापाव खपत असतील?’ हसू नका, खरंच विचारलं! याने बिचाऱ्याने पुण्याची लोकसंख्या धरली, त्यातले वडापाव खाणारे धरले, उपासवाले वजा केले, काहीतरी आकडा काढला. समोरचा नुसता ‘हं’ म्हणाला. बरोबर की चूक, काही नाही. मी आमच्या चिरंजीवांना विचारलं, अरे, यात नोकरीचा काय संबंध? तर म्हणतो, ‘आई, उत्तर महत्त्वाचं नसतं, विचार करायची पद्धत बघतात.’ अरे मग तसं आधी सांगा ना त्याला! तो बिचारा आकडा चुकला म्हणून आठवडाभर जेवला नाही नीट.

आणि हे असले प्रश्न आणले कुठून, तर त्या मोठमोठ्या अमेरिकन कंपन्यांकडून. ते लोक म्हणे विचारायचे, विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील. पण आमचा सांगत होता, त्या गूगलचाच माणसं नेमणारा मोठा साहेब होता, लाझ्लो बॉक नावाचा, त्याने २०१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला सांगून टाकलं की या कोड्यांचा काडीचा उपयोग होत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं एवढंच. त्यांनी टाकून दिलं ते आमच्याकडे अजून चालूच. आणि गूगलचंही काही विचारू नका. मॅक्स हॉवेल म्हणून एक प्रोग्रॅमर आहे, त्याने होमब्रू नावाचं काहीतरी बनवलंय. नाव दारूचं आहे, पण आहे सॉफ्टवेअर. मॅक वापरणारी प्रोग्रॅमर मंडळी ते सर्रास वापरतात. तर २०१५ साली हा गूगलमध्ये मुलाखतीला गेला आणि त्याला म्हणे झाड उलटं करायला सांगितलं. झाड म्हणजे खरं नव्हे हो, मलाही आधी तसंच वाटलं, फळ्यावर काढायचं असतं, बायनरी ट्री. त्याला ते आलं नाही, दिला नारळ. चिडला आणि ट्विटरवर लिहून मोकळा झाला की तुमचेच लोक माझं सॉफ्टवेअर वापरतात आणि मला झाडासाठी घरी पाठवता! जगभर बोभाटा झाला.

तर काय सांगत होते… हां, जाहिरात. ती जाहिरात धाकट्याने मला मोबाइलवर दाखवली. अहो, जावा येणारा हवा, डेटाबेस येणारा हवा, क्लाउड येणारा हवा, परदेशी क्लायंटशी गोड बोलणारा हवा, हाताखालची माणसं सांभाळणारा हवा, आणि अनुभव तीन ते पाच वर्षं. एका माणसात एवढं? मी म्हटलं, यांना एक मुलगा हवाय की आख्खा जथा? आणि खाली पगाराच्या जागी काय, तर ‘ॲज पर इंडस्ट्री स्टँडर्ड’. पहिल्याच फोनला ती मुलगी विचारते, तुमची अपेक्षा किती? हा म्हणाला, तुमचं बजेट किती? ती गोड हसली म्हणे आणि म्हणाली, ‘यू टेल मी फर्स्ट.’ जास्त सांगितलं तर फोन खाली, कमी सांगितलं तर जन्मभर तेवढ्यावर बस. आणि वर ‘इमीजिएट जॉइनर प्रेफर्ड’. आता सांगा, आयटीत बहुतेकांचा नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा, त्या कंपनीचा स्वतःचासुद्धा नव्वदच, आणि यांना माणूस हवा उद्या सकाळी!

पण खरी गंमत सहाव्या राउंडची. हे मला त्याने सांगितलेलं नाही बरं का. आमच्या ह्यांना सांगत होता आमच्याच हॉलमध्ये बसून, मी आत पोळ्या लाटत होते. लाटणं थांबवलं मी. ‘कल्चर फिट’ म्हणतात त्या राउंडला. स्क्रीनवर तिघं. एक मॅनेजर, एक त्याच्या वरचा, आणि एक बाई, तिचा कॅमेराच बंद. सगळं गोड गोड झालं, छंद विचारले, आणि शेवटी ते विचारतात ना, ‘तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?’ आपली मुलं काय म्हणतात, नाही सर, थँक यू सर. हा पडला चौकस. लहानपणी सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींना प्रश्न विचारून हैराण करणारा तो. म्हणाला, ‘मला घेतलंत तर पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय काम झालेलं तुम्हाला हवंय?’

साधा प्रश्न, हो की नाही? मॅनेजर म्हणाला, जुनं सॉफ्टवेअर आहे ते नव्यावर न्यायचंय. त्याच्या वरचा मध्येच म्हणाला, नाही नाही, जुन्याला हात लावायचा नाही, आपल्याला नवीन टीम उभी करायचीय. तेवढ्यात त्या बंद कॅमेऱ्यातून आवाज आला, ‘आय थॉट हे सपोर्ट रोल आहे.’

सगळं गप्प! धाकटा म्हणे नुसता बघत राहिला. मॅनेजरचा चेहरा असा उतरला, आणि वरचा साहेब चष्मा काढून पुसायला लागला. शेवटी मॅनेजर म्हणाला, ‘गुड क्वेश्चन, आम्ही आपसात अलाइन होऊ आणि तुम्हाला कळवू.’ आमचे हे खो खो हसले. धाकट्याला पण हसू आलं, पण मी दाराच्या फटीतून पाहिलं ना, डोळ्यांत हसू नव्हतं हो. सहा राउंड पोराने कसून तयारी केली, आणि ज्याची तयारी केली ते काय आहे हेच त्या तिघांना ठाऊक नव्हतं.

बरं, आता पुढचं ऐका. पाच नंबरकडे हळदीकुंकू होतं ना, तुम्ही आला नव्हतात, तुमच्या गुडघ्याचं दुखणं चालू होतं. छान झालं, वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या दिल्या, आता सहावी गाळणी झाली माझ्याकडे… तर तिथे तीन नंबरच्या वहिनी, आणि सात नंबरची सून. ती मोठ्या कंपनीत एचआरमध्ये आहे. या बाणेरच्या नव्हे, दुसऱ्या. वहिनींनी तिळगूळ हातात घेतला आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं, ‘काय गं, तुमच्यात ते ‘वुई विल गेट बॅक’ म्हणजे किती दिवसांनी असतं?’

सून आधी हसली. मग सगळ्या जणी तिच्याकडेच बघतायत म्हटल्यावर तिने वाटी खाली ठेवली. म्हणाली, ‘मावशी, खरं सांगू? बऱ्याच वेळा आम्हालाच माहीत नसतं. मॅनेजर सांगतो चांगला मुलगा दे. चांगला म्हणजे कसा, विचारलं तर म्हणतो, समोर आला की कळेल मला. दहा दाखवले की म्हणतो यातला कोणी नको, पण दुसरा होता ना, तसाच आण, जरा स्वस्तातला.’ मग म्हणाली, कधी कधी जागाच होल्डवर जाते. वरून फोन येतो, बजेट थांबवा. नाही म्हणायचं नसतं, कारण पुढच्या महिन्यात सुटलं तर? म्हणून कोणालाच काही सांगायचं नाही. आणि कधी कधी… इथे तिने आवाज बारीक केला, मी पुढे सरकले… कधी कधी आतलाच माणूस आधीच ठरलेला असतो. बाहेरच्या चौघांना बोलवायचं ते फायलीत दिसायला हवं म्हणून.

वहिनींचं तोंड एवढंसं झालं हो. तिळगूळ तसाच मुठीत. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे त्या चौघांतला आमचा?’ सून बिचारी कानकोंडी झाली. ‘तसं नाही मावशी, तसंच असेल असं नाही…’ पण बोलून गेली ना.

तिच्या सासूबाईंना राहवलं नाही. सुनेची बाजू घ्यायची म्हणून पुढे सरसावल्या, एरवी कधी घेतात? म्हणाल्या, ‘मुलं तरी काय कमी आहेत का! तीन-तीन ऑफर घेऊन ठेवतात, आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. आमची ही रडकुंडीला येते.’ आणि बोलता बोलता त्यांची नजर गेली सहा नंबरच्यांकडे. आता सहा नंबरच्यांच्या मोठ्याने गेल्या वर्षी काय केलं हे सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे! खराडीच्या कंपनीला हो म्हणून ठेवलं आणि गेला बंगळूरुला. सहा नंबरच्या वहिनींनी जी मान खाली घातली ती गाळणीवरची किंमत वाचायला. आता मला विचाराल तर तेही चूकच. पण एक आहे, एकटं पोरगं फोन बंद करतं तेव्हा दुसऱ्या उमेदवाराला बोलवता येतं, कंपनी फोन बंद करते तेव्हा पोरगं दुसऱ्या ऑफरला नाही म्हणून बसलेलं असतं. धाकट्याने हिंजवडीची एक जागा याच्या नादात सोडली, हे वहिनींनी कोणाला सांगितलेलं नाही. मी पण नाही सांगितलं, तुम्हालाच काय ते.

चार नंबरच्या आजी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एकदम विषयच फिरवला. म्हणाल्या, ‘आमच्या वेळी मुलगी पसंत नसली तर पत्रिका जुळत नाही म्हणून पोस्टकार्ड यायचं. खोटं का असेना, पण पंधरा दिवसांत यायचं. बापाला दुसरं स्थळ बघता यायचं.’ सगळ्या हसल्या, पण पटलं हो सगळ्यांना. मग आजींनी पुडी सोडली. त्यांची नात मिसिसागाला असते ना, कॅनडात, ती म्हणे आजीला फोनवर सांगत होती की त्यांच्या ऑन्टारिओ प्रांतात कायदाच झालाय. कायदा! १ जानेवारी २०२६ पासून लागू. पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहीर जाहिरात देऊन मुलाखत घेतली की शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत त्या उमेदवाराला कळवायचं, निर्णय झाला की नाही ते. आणि पगार किती ते जाहिरातीतच छापायचं, किती ते किती. अर्ज चाळायला एआय वापरत असाल तर तेही लिहायचं. आजींना एआय म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण ४५ दिवस बरोबर लक्षात होते. वहिनींनी लगेच बोटांवर मोजायला सुरुवात केली, दिवाळी, त्रिपुरी पौर्णिमा, मार्गशीर्षातले गुरुवार… आणि मग मोजणं सोडून दिलं.

‘आपल्याकडे नाही का असं काही?’ कोणीतरी विचारलं. मीच विचारलं. कारण पाच नंबरच्या वहिनी स्वतः वकील आहेत, आणि त्यांना विचारलं की त्या हातातलं अत्तर तसंच ठेवून सुरू होतात. म्हणाल्या, खासगी कंपनीला असं बांधणारं आपल्याकडे काही नाही. सरकारी भरतीला मात्र काही बंधनं आहेत. आणि मग त्यांनी ती राजस्थानची केस सांगितली. २००९ साली राजस्थान हायकोर्टाने आपल्याकडे अनुवादकांच्या तेरा जागा काढल्या. एकवीस जणांनी परीक्षा दिली. परीक्षा होऊन गेल्यावर मुख्य न्यायमूर्तींनी ठरवलं की पंच्याहत्तर टक्के मिळालेल्यांनाच घ्यायचं. आधी कुठे लिहिलेलं नव्हतं हं ते! तीन जण उरले. बाकीचे म्हणाले, खेळ सुरू झाल्यावर नियम कसे बदलता? लढत लढत गेले सुप्रीम कोर्टात. तिथे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल कधी दिला, तर ७ नोव्हेंबर २०२४ ला. सरन्यायाधीश चंद्रचूड साहेब निवृत्त व्हायच्या तीन दिवस आधी. निकाल काय, तर जाहिरात निघाली की भरतीचा खेळ सुरू होतो आणि जागा भरल्या की संपतो. मूळ नियमांतच मुभा असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर मधेच निकष बदलायचे नाहीत.

सगळ्यांना बरं वाटलं ऐकून. सात नंबरच्या सासूबाईंनी तर टाळी वाजवली. पण वकील बाई त्या, अर्ध्यावर थोड्याच सोडतात! म्हणाल्या, ‘त्याच निकालात असंही आहे की निवड यादीत नाव आलं म्हणून नोकरीचा पक्का हक्क मिळत नाही.’ पुन्हा चेहरे पडले. आणि पंधरा वर्षं हो! २००९ ते २०२४. तेव्हा पंचवीसचा असलेला मुलगा चाळिशीला आला असेल.

सरकारीवरून आठवलं. आमच्या धाकट्या जाऊबाईंचा मुलगा एमपीएससी करतोय ना, सदाशिव पेठेत खोली घेऊन. राज्यसेवेचा सगळा पॅटर्नच आता बदललाय. मुख्य परीक्षा वर्णनात्मक, १७५० गुणांची, आणि मुलाखत २७५ गुणांची. आधी मुलाखत शंभरच गुणांची असायची. हा बदल २०२३ पासूनच यायचा होता, तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर बसली होती, आठवतंय ना, मग तो २०२५ वर ढकलला. आता बदल चांगला की वाईट यात मी पडत नाही. पण पोरांचं म्हणणं काय होतं? आम्ही एका पद्धतीने वर्षानुवर्षं अभ्यास केला, वेळ द्या. त्यात चुकलं काय?

आता हा मॉक मुलाखती देत फिरतो. फिरतो म्हणजे काय, या क्लासची मॉक, त्या अकादमीची मॉक. एका ठिकाणचे निवृत्त साहेब म्हणाले, ‘तुम्ही फार हसता, गांभीर्य नाही.’ दुसऱ्या ठिकाणच्या मॅडम म्हणाल्या, ‘चेहरा इतका ताठ का? अधिकारी लोकांशी बोलणारा हवा.’ एकीकडे टाय घालून या, दुसरीकडे टाय काढून टाका, उन्हाळ्यात साहेब दिसता. परवा आला होता आमच्याकडे, पोह्यांची बशी हातात, आणि मला विचारतो, ‘काकू, मी हसू की नको?’ काय सांगू मी? म्हटलं, खा आधी. पण एक बघा, त्याची मुलाखत किती गुणांची हे त्याला ठाऊक आहे, आणि झाल्यावर गुण कळतात. पडला तर कितीने पडला हे तरी समजतं. तीन नंबरच्या धाकट्याला तेवढंही नाही.

आमच्या सासऱ्यांचे ते जुने स्नेही आहेत ना, केंद्र सरकारच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, ते तर म्हणतात मुलाखत हाच मुळी घोळ आहे. मोदींनी २०१५ च्या पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून खालच्या नोकऱ्यांच्या मुलाखतींवर बोट ठेवलं, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्रात ग्रुप सी आणि ग्रुप बी मधल्या अराजपत्रित जागांच्या मुलाखती बंद झाल्या. लेखी परीक्षा द्या, आणि जिथे लागेल तिथे टायपिंगसारखी कौशल्य चाचणी, संपलं. ते म्हणतात, ‘पूर्वी मुलाखतीच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठ्या यायच्या, अमक्याचा भाचा, तमक्याचा पुतण्या. त्या चिठ्ठ्या थांबल्या.’ आता त्यांनी स्वतः किती चिठ्ठ्या वाचल्या ते मी विचारलं नाही. सासरे समोर होते.

पण मला नाही पटत हं, मुलाखतच नको म्हणणं. माणूस डोळ्यांनी बघावासा वाटतो, त्यात वावगं काही नाही. वावगं आहे ते बघायचं काय हे न ठरवता बघायला बसणं. सात नंबरची सूनच सांगत होती, हळदीकुंकू संपल्यावर चपला घालताना, की तिच्या आधीच्या कंपनीत एक मॅनेजर होता. मुलाखतीआधी अर्धा तास बसायचा, चार गोष्टी कागदावर लिहायचा. याला हे यायला हवं, हे शिकवता येईल, हे असलं तर चालेल, हे असलं तर नाही चालणार. सगळ्यांना तेच प्रश्न. आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच मुलाला सांगायचा, आज मी हे बघणार आहे, इतका वेळ लागेल, अमुक तारखेला कळवीन. ती म्हणाली, त्याची माणसं टिकायची, आणि ज्यांना नाही म्हटलं ती मुलंसुद्धा दिवाळीला मेसेज करायची त्याला. मी विचारलं, मग सगळे तसं का करत नाहीत? तर म्हणाली, ‘वेळ कुठे असतो, मावशी! काही साहेब तर रेझ्युमे लिफ्टमध्ये वाचतात.’ आणि एकदम जीभ चावली. कारण मागे कोण उभं होतं ते तिने पाहिलं… जाऊ दे.

नाही नाही, जाऊ दे म्हटलं ना. बरं, तुम्ही एवढ्या विचारताय म्हणून. पण आधी पुढचं ऐका. परवा वहिनींनी धाकट्याला म्हटलं, तूच फोन करून विचार ना. त्याने केला. तर ती एचआरची मुलगीच कंपनी सोडून गेलेली! तिच्या जागी नवीन आलेली म्हणाली, तुमचं नाव माझ्या शीटमध्ये दिसत नाहीये, परत अप्लाय करता का? परत! पहिल्यापासून! वहिनी म्हणाल्या, मी फोन हिसकावून घेणार होते. धाकट्याने नुसतं ‘ओके, थँक यू’ म्हटलं आणि मोबाइल उलटा ठेवला. रात्री जेवताना म्हणाला, ‘आई, नाही म्हणाले असते ना, तर मी दुसऱ्या दिवशी कामाला लागलो असतो.’ वहिनी सांगत होत्या आणि पदर डोळ्याला. मी काय बोलणार, चहा टाकला.

आता तुम्हाला सांगायचं ते सांगते, राग मानू नका. तुमचे हे पण घेतात ना इंटरव्ह्यू, दर शनिवारी, लॅपटॉप घेऊन गॅलरीत बसतात ते? आवाज येतो हो इकडे, मी काही मुद्दाम ऐकत नाही. ‘गुड, गुड, वुई विल गेट बॅक टू यू,’ असं म्हणतात ते, आणि सात नंबरच्या सुनेमागे त्या दिवशी जिन्यात तेच उभे होते. भांडू नका त्यांच्याशी, माणूस चांगला आहे. फक्त आज रात्री जेवताना विचारा त्यांना, गेल्या महिन्यात ज्यांना ज्यांना ‘कळवतो’ म्हणालात, त्यातल्या किती जणांना कळवलंत? आणि ज्यांना नाही कळवलं, त्यांना उद्या सकाळी ऑफिसला जायच्या आधी दोन ओळी टाकायला लावा. नाही तर नाही म्हणा म्हणावं, पण म्हणा.